पोटदुखी : सोंग की विकार?

मराठी भाषेने मनाचे पुष्कळसे व्यवहार पोटाच्या स्वाधीन केले आहेत. भय वाटले की आपल्या पोटात गोळा येतो. दूरदेशी असलेल्या लेकराची आठवण झाली की आईचे आतडे तुटते. गुपित सांभाळावयाचे ते पोटात ठेवावयाचे आणि दुसऱ्याचा अपराध क्षमा करावयाचा तोही पोटातच घालावयाचा! ज्यांनी हे वाक्प्रचार रूढ केले त्यांनी शरीरशास्त्राचा अभ्यास केला नव्हता. परंतु मन आणि आतडे यांचे काही जवळचे नाते आहे एवढे त्यांनी स्वानुभवाने ओळखले होते. वैद्यकशास्त्राने हे नाते तपासून, मोजून सिद्ध केले ते पुढे फार उशिरा. हे नाते बिघडल्यामुळे जो एक अत्यंत सामान्य परंतु फारसा कोणास न समजलेला विकार उत्पन्न होतो, त्याची ओळख या लेखात करून देण्याचे आम्ही योजिले आहे. डॉक्टर त्यास इरिटेबल बॉवेल सिंड्रोम अथवा संक्षेपाने आय. बी. एस. म्हणतात. आम्ही सोयीसाठी त्यास 'क्षुब्ध आतडे' म्हणू.

हा विषय शाळेच्या वार्षिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर घरोघरी सापडेल. परीक्षेच्या दिवशी सकाळी एखाद्या मुलाच्या पोटात मुरडा येतो, तो दोन-तीनदा शौचास जाऊन येतो आणि तरीही पोट साफ झाल्यासारखे त्यास वाटत नाही. एखाद्या मुलीचे पोट आठवडाआठवडा कडक राहते, फुगते आणि दुखते. घरची मंडळी डॉक्टरांकडे नेतात. रक्त तपासतात, मल तपासतात, सोनोग्राफी होते आणि शेवटी कळते की, 'काही निघाले नाही.' या तीन शब्दांचे घरात दोन अर्थ केले जातात. कोणी म्हणतो, काही निघाले नाही त्या अर्थी हे सोंग आहे, अभ्यास टाळण्याची युक्ती आहे. कोणी म्हणतो, काही निघाले नाही त्या अर्थी रोग खोल दडलेला आहे, आता मोठ्या शहरातील मोठे डॉक्टर गाठले पाहिजेत. पहिल्या अर्थाने मुलास अपमान सोसावा लागतो आणि दुसऱ्याने साऱ्या घरास भय. आमच्या मते दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. आणि ते का चुकीचे हे समजण्यासाठी आतड्याचा कारभार थोडासा पाहिला पाहिजे.

आपले लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब आणि मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. या लांबलचक नळीच्या भिंतीत स्नायूंचे थर असून ते क्रमाने आवळतात व सैल पडतात. त्यामुळे अन्न पुढेपुढे सरकते. या लाटेसारख्या गतीस पुरःसरण म्हणतात. १८९९ साली बेलिस व स्टार्लिंग या दोन इंग्रज शरीरशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्यावर प्रयोग केले. बाहेरून आतड्याकडे येणारे मज्जातंतू तोडून टाकले तरी आतड्याची ही लाट चालूच राहते असे त्यांना आढळले. याचा अर्थ असा की आतड्यास स्वतःची अशी कारभारव्यवस्था आहे. आज आपणास ठाऊक आहे की आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक मज्जापेशींचे जाळे पसरलेले असते. म्हणूनच कित्येक शास्त्रज्ञ त्यास विनोदाने 'दुसरा मेंदू' म्हणतात.

परंतु हा दुसरा मेंदू पहिल्याशी अबोला धरून बसत नाही. वेगस नावाचा मज्जातंतू मस्तकापासून पोटापर्यंत उतरलेला आहे. त्यातील बहुतेक धागे पोटाकडील वार्ता मेंदूकडे नेणारे असतात. मेंदूकडून हुकूम आणणारे धागे त्या मानाने थोडे. मनाच्या स्थितीशी ज्याचा संबंध सांगितला जातो ते सेरोटोनिन नावाचे द्रव्यही शरीरात सर्वांत अधिक, म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त, आतड्यातच तयार होते. अशी ही दोन टोकांची सतत चाललेली दळणवळण आहे. १९४७ साली अमेरिकेतील डॉक्टर आल्मी व ट्युलिन यांनी निरोगी स्वयंसेवकांचे मोठे आतडे नळीतून प्रत्यक्ष पाहिले आणि त्याच वेळी त्यांचे डोके दाबून त्यांस त्रास दिला. वेदना डोक्यास होत होती, तरी बदल आतड्यात दिसू लागले. संकट येताच आतडे आपली चाल बदलते, ही गोष्ट अशा रीतीने डोळ्यांना दिसली. असे क्षणिक बदल निरोगी माणसातही घडतात आणि संकट टळले की ओसरतात. क्षुब्ध आतड्याच्या रुग्णात मात्र तोल ढळतो तो पुनःपुन्हा ढळत राहतो.

याच्या जोडीस दुसरा एक महत्त्वाचा शोध लागला. १९७३ साली इंग्लंडमधील डॉक्टर रिची यांनी रुग्णांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात एक लहानसा फुगा ठेवून तो फुगविला. फुग्यात ६० मिलिलिटर हवा गेली तेव्हा निरोगी माणसांपैकी शंभरांत केवळ सहांना वेदना झाली. क्षुब्ध आतड्याच्या रुग्णांपैकी मात्र शंभरांत पंचावन्न जणांना झाली. फुगा तोच, हवा तेवढीच. भेद होता तो आतड्याच्या संवेदनेत. सतारीची तार प्रमाणाबाहेर ताणली असता वाऱ्याच्या झुळुकेनेही ती झणकारते, तसे या आतड्यांचे झालेले असते. इतरांच्या पोटातून जो वायू नकळत सरकून जातो तोच यांना कळ आणतो. आता वाचकांच्या लक्षात येईल की तपासणीत काही का निघत नाही. सोनोग्राफीत आतड्याची घडण दिसते, दुर्बिणीत आतील त्वचा दिसते. तारेचा ताण त्यांत दिसत नाही. घडण शाबूत असून चाल बिघडलेली, असा हा विकार आहे. वेदना खरी असते. ती सोसणाऱ्यास सोंगाड्या म्हणणे हा अन्याय होय.

तपासणीत न दिसणारा विकार डॉक्टर ओळखतात तरी कसा? त्यासाठी लक्षणांचे नियम ठरविले आहेत. १९७८ साली ब्रिस्टल येथे डॉक्टर मॅनिंग व त्यांचे सहकारी यांनी असे नियम प्रथम सुचविले. पुढे त्यांत सुधारणा होत जाऊन २०१६ साली 'रोम' नियमांची चौथी आवृत्ती निघाली. तीनुसार गेले तीन महिने सरासरीने आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखत असावे. आणि ते दुखणे शौचाशी निगडित असणे, शौचाच्या वेळांत बदल होणे, मलाच्या स्वरूपात बदल होणे या तिहींपैकी निदान दोन गोष्टी आढळाव्यात. तक्रारीचा आरंभ होऊन सहा महिने तरी झालेले असावेत. मुलांसाठी हा नियम थोडा निराळा आहे : दोन महिने, महिन्यातून निदान चार दिवस दुखणे आणि वरील तिहींपैकी एक तरी लक्षण. कोणास बद्धकोष्ठ अधिक, कोणास जुलाब अधिक, तर कोणास दोन्ही आलटून पालटून होतात. तेहेतीस देशांत केलेली एक मोठी पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात या नियमांनुसार शंभरांत सुमारे चार प्रौढांना हा विकार असल्याचे दिसले. भारतातील पाहण्यांतही शंभरांत चाराच्या आसपासच आकडा आला आहे. म्हणजे पन्नास पालकांच्या सभेत सरासरीने दोघांना तरी हा त्रास असावयाचा. मात्र ते त्याविषयी चारचौघांत बोलणार नाहीत.

हा विकार कोणास होतो, याचे एकच एक कारण सांगता येत नाही. ज्यांच्यामुळे तो होण्याचा संभव वाढतो अशा काही गोष्टी मात्र पुष्कळ अभ्यासाने निश्चित झाल्या आहेत. त्यांस जोखमीच्या गोष्टी म्हणावे. जोखीम म्हणजे विधिलिखित नव्हे. पावसात भिजलेला प्रत्येकजण आजारी पडत नाही, तसेच हे.

यांतील सर्वांत ठळक जोखीम एका गावाच्या दुर्दैवाने जगास शिकविली. कॅनडा देशाच्या ऑन्टारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे. २००० सालच्या मे महिन्यात तेथे मुसळधार पाऊस झाला. जवळच्या शेतातील जनावरांच्या शेणाचा अंश पावसाच्या पाण्याबरोबर गावास पाणी पुरविणाऱ्या एका विहिरीत उतरला. पाण्यात क्लोरीन पुरेसे मिसळले जात नव्हते. त्यामुळे ई. कोलाय व कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू नळांवाटे घराघरांत पोहोचले. सुमारे २,३०० माणसे जुलाब-मुरड्याने आजारी पडली आणि सात जण दगावले. काही आठवड्यांनी साथ ओसरली; परंतु गोष्ट तेथे संपली नाही. संशोधकांनी त्या गावकऱ्यांची पुढे वर्षानुवर्षे विचारपूस केली. ज्यांना पूर्वी पोटाचा असा त्रास नव्हता त्यांचाच त्यांनी हिशेब मांडला. साथीत जे आजारी पडलेच नाहीत त्यांच्यापैकी शंभरांत सुमारे दहा जणांना दोन-तीन वर्षांनी क्षुब्ध आतड्याची लक्षणे होती. ज्यांचा आजार डॉक्टरी नोंदींनी निश्चित झाला होता त्यांच्यात हे प्रमाण शंभरांत छत्तीस होते! जंतू गेले होते, जखम भरली होती; आतडे मात्र भ्यालेले ते भ्यालेलेच राहिले.

या गावाने आणखीही दोन गोष्टी शिकविल्या. पहिली ही की सर्वांस सारखी जोखीम नव्हती. ज्यांचा मूळ आजार तीव्र होता व अधिक दिवस टिकला, जे वयाने लहान होते, ज्या स्त्रिया होत्या, आणि ज्यांचे मन आधीच चिंतेने वा उदासीनतेने ग्रासलेले होते, त्यांना हा विकार अधिक प्रमाणात जडला. दुसरी गोष्ट धीर देणारी आहे. साथीत आजारी पडलेल्या सर्वांचा एकत्र विचार केला असता दोन-तीन वर्षांनी शंभरांत अठ्ठावीस जणांना हा त्रास होता. आठ वर्षांनी तोच आकडा पंधरावर आला. म्हणजे पुष्कळांची आतडी कालांतराने शांत झाली.

जंतुजन्य जुलाबानंतर हा विकार मागे राहतो, ही शंका डॉक्टरांना फार पूर्वीच आली होती. १९६२ साली ऑक्सफर्ड येथील चौधरी व ट्रूलव्ह यांनी १३० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्यापैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्णांची तक्रार मुरड्याच्या आजारानंतर सुरू झाली होती. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २०१७ साली जो हिशेब झाला त्यावरून असे दिसते की जंतुजन्य आजार झालेल्या सुमारे दहांपैकी एकास पुढे हा विकार होतो. आपल्याकडे पावसाळ्यात पोटाचे आजार किती पसरतात हे सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा पाणी उकळून पिणे, जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुणे, उघड्यावरचे कापलेले फळ टाळणे, या लहान गोष्टी त्या दिवसापुरत्या नाहीत. त्या पुढील कित्येक वर्षांचे रक्षण करतात.

इतर जोखमी थोडक्यात सांगतो. हा विकार बहुधा पन्नाशीच्या आत, पुष्कळदा तरुण वयात सुरू होतो. जगात तो स्त्रियांत अधिक आढळतो. भारतात मात्र रुग्णालयात येणाऱ्यांत पुरुषच अधिक दिसतात. एकाच कुटुंबात अनेकांना तो असू शकतो. त्यात काही भाग आनुवंशिक आणि काही एकाच घरातील राहणीचा असावा. बालपणी सोसलेले मोठे दुःख, दीर्घकाळची चिंता, तसेच अँटिबायोटिक औषधांचा वापर, यांच्याशीही त्याचा संबंध आढळला आहे. आतड्यात नांदणाऱ्या असंख्य उपयुक्त जंतूंची वस्ती या औषधांनी विस्कळित होते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ती घेऊ नयेत.

आता आहाराविषयी. अन्न हे या विकाराचे मूळ नसले तरी कळ उठविण्याचे निमित्त ते वारंवार होते. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ पासून या प्रश्नाचा विशेष अभ्यास केला आहे. काही पदार्थांतील शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात, पाणी ओढून घेतात व वायू उत्पन्न करतात. कांदा, लसूण, गहू, हरभरा, राजमा, वाटाणा, सफरचंद, आंबा आणि ज्यांना दूध पचत नाही त्यांना दूध, हे असे पदार्थ होत. आम्हां बडोदेकरांना शेव-उसळ किती प्रिय आहे हे सांगावयास नको. परंतु वाटाणा, कांदा, लसूण आणि तेलाची तिखट तर्री यांचा तो मेळावा क्षुब्ध आतड्यास चांगलाच डिवचतो! निरोगी माणसाने तिचा आनंद खुशाल घ्यावा. ज्यास त्रास होतो त्याने मात्र आपला वैरी कोणता पदार्थ आहे हे वहीत नोंद ठेवून शोधावे. सगळेच पदार्थ एकदम आणि कायमचे सोडू नयेत. विशेषतः वाढत्या वयाच्या मुलांनी आहारतज्ज्ञाच्या देखरेखीवाचून असा उपवास मुळीच करू नये. भात हा बहुतेकांना मानवतो. आपल्या गुजरातेतील ऊंझा-सिद्धपूरच्या बाजूस ज्याचा मोठा व्यापार चालतो ते इसबगोल पुष्कळांना गुणकारी ठरते, ही गोष्ट आजीच्या बटव्याने सांगितली आणि आधुनिक चाचण्यांनीही मान्य केली. गव्हाचा कोंडा मात्र कित्येकांचा त्रास वाढवितो.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. प्रत्येक पोटदुखी म्हणजे क्षुब्ध आतडे नव्हे. शौचावाटे रक्त जाणे, वजन घटणे, ताप येणे, वारंवार उलट्या होणे, दुखण्याने वा जुलाबाने रात्री झोपेतून जाग येणे, रक्तक्षय होणे, मुलाची वाढ खुंटणे, तक्रार पन्नाशीच्या सुमारास प्रथमच सुरू होणे, अथवा घरात कोणास आतड्याचा कर्करोग असणे, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न लावता डॉक्टरांकडून पूर्ण तपासणी करून घ्यावी. आतड्याचा क्षय, गव्हातील ग्लूटेनमुळे होणारा सीलिॲक रोग, आतड्यास व्रण पडणारे रोग, हे निराळे असून त्यांचे उपचारही निराळे आहेत. याच्या उलट चूकही आपल्या देशात पुष्कळ झाली. 'जुनी आंव' असे नाव देऊन अनेक रुग्णांना वर्षानुवर्षे आमांशाच्या गोळ्या दिल्या गेल्या. जंतू नव्हतेच, तेव्हा गुण तरी कोठून येणार?

उपचाराचा पहिला भाग म्हणजे समजूत. या विकाराने आयुष्य घटत नाही व त्याचा कर्करोग होत नाही, हे रुग्णास स्पष्ट कळले की अर्धे भय जाते. दुसरा भाग नियमितपणाचा : वेळेवर जेवण, पुरेशी झोप, रोजचा व्यायाम, चहा-कॉफीचा संयम. याउपर आतड्याची आवळ सैल करणारी औषधे डॉक्टर देतात. मनाच्या वाटेनेही उपाय करता येतो. १९८४ साली इंग्लंडमधील डॉक्टर व्होरवेल यांनी इतर औषधांनी न हटलेल्या तीस रुग्णांवर चाचणी केली. त्यांतील ज्यांना संमोहनाचा उपचार दिला त्यांना इतरांपेक्षा कितीतरी अधिक आराम पडला. मानसोपचार सुचविला म्हणून डॉक्टरांनी आपणास खोटे ठरविले असे कोणी मानू नये. ताणलेली तार दोन खुंट्यांमध्ये असते. ती कोणत्याही खुंटीने सैल करता येते.

राहिला प्रश्न आपणा सर्वांच्या वर्तनाचा. विद्यार्थिमित्रहो, शौचाची भावना झाली असता ती लाजेने दाबून ठेवू नका. वर्गात हात वर करून जाण्यात कमीपणा नाही. जो सहाध्यायी वारंवार बाहेर जातो त्याची थट्टा करू नका. शिक्षकांनी अशा मुलास उलट प्रश्न न विचारता जाऊ द्यावे आणि शाळेतील शौचगृहे मुलांना जावेसे वाटेल इतकी स्वच्छ राहतील, इकडे सर्वांनी लक्ष द्यावे. पालकांनी मुलाचे दुखणे खरे मानावे, तसेच त्याला घाबरून शाळाही बंद करू नये. दुखणे मान्य करून नेहमीचा क्रम शक्य तितका चालू ठेवणे हेच मुलाच्या हिताचे असते. परीक्षेपूर्वीच्या रात्री जागरण करविण्याऐवजी वेळेवर निजविले, सकाळी घाईने डबा कोंबण्याऐवजी अर्धा तास लवकर उठवून शांतपणे खाऊ घातले, तर कित्येक पोटे पेपरास जाण्यापूर्वीच निवळतील.

आपल्या पूर्वजांनी दुसऱ्याचा अपराध पोटात घालावयास सांगितले. येथे तर अपराध कोणाचाच नाही. तेव्हा ज्याचे पोट दुखते त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे, एवढे तरी आपणांस सहज करता येईल.